दोरीची गाठ पुन्हा पुन्हा सुटते: कारण कसे शोधावे आणि पक्की निरगाठ कशी मारावी

गाठ मारतो तेव्हा ती घट्टच असते. दोन-चार दिवसांनी पाहावे तर सैल पडलेली, टोके आखूड झालेली, नाहीतर गाठ नाहीच, नुसता दोर लोंबतो आहे. मग पुन्हा आवळायची, वर आणखी एक गाठ चढवायची आणि काही दिवसांनी येरे माझ्या मागल्या. हे ज्यांच्या बाबतीत होते त्यांतल्या बहुतेकांना वाटते की आपला जोर कमी पडला. जोर फार क्वचित कमी पडलेला असतो. एकाच जागची गाठ वारंवार सुटत असेल, तर तिचा आकार तरी चुकलेला असतो, ती भलत्या कामाला तरी लावलेली असते, दोर तरी तिला मानवणारा नसतो, किंवा ती बांधली गेली पण बसवली गेली नाही. या चारांपैकी काय बिघडले हे सुटलेल्या गाठीकडे नीट पाहिले तर बहुधा कळते. म्हणून ती लगेच पुन्हा बांधू नका.

पुढे दोन शब्द वारंवार येतील. ज्या बाजूवर ओझे किंवा ताण आहे तो भाराकडचा दोर, आणि ज्याने आपण गाठ विणतो ते मोकळे टोक.

आधी गाठ कशी गेली ते पाहा

गाठ अर्धवट शिल्लक असेल तर मोकळ्या टोकांची लांबी बघा. बांधताना चार बोटे सोडलेले टोक आता बोटभर उरले असेल, तर दोर गाठीतून हळूहळू सरकतो आहे. दोर निसरडा आहे किंवा गाठ नीट आवळलेली नव्हती. टोके होती तेवढीच आहेत, गाठही शाबूत आहे, पण बांधलेली वस्तू आत हलते आहे, तर गाठीला दोष देऊ नका. दोर ताणला गेला आहे किंवा वस्तू आकसली आहे. गाठ एका झटक्यात गेली, एक दोर सरळसोट आणि दुसरा त्याच्यावर नुसता वळसा घालून बसलेला दिसतो, तर गाठ उलटली. आणि दोर गाठीच्या तोंडाशीच तुटला असेल, तर ती सुटण्याची तक्रारच नव्हे. कोणतीही गाठ दोराला तीव्र वळण देते आणि त्या वळणावर दोर कमजोर होतो. गाठीच्या प्रकाराप्रमाणे ताकद साधारण २० ते ५० टक्क्यांनी घटते. तिथे उपाय जाड दोराचा आहे, वेगळ्या गाठीचा नंतर.

काहीच कळत नसेल तर एक साधी युक्ती करा. गाठ पुन्हा बांधा आणि मोकळे टोक जिथे गाठीतून बाहेर पडते, अगदी तिथे पेनाने रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी बघा. रेघ गाठीच्या आत गेली असेल तर दोर सरकतो आहे. रेघ जागेवर असूनही बांधणी ढिली असेल तर सरकत नाही, ताणतो आहे. या एका रेघेमुळे निम्मी शोधाशोध वाचते, आणि मला वाटते कुठलाही बदल करण्यापूर्वी ती ओढलीच पाहिजे.

सगळ्यात जास्त आढळणारा दोष: दोन्ही अर्ध्या गाठी एकाच दिशेच्या

दोन टोके घेऊन आपण जी रोजची गाठ मारतो ती दोन अर्ध्या गाठींची असते. दुसरी अर्धी गाठ पहिलीच्या उलट दिशेने मारली तर रीफ नॉट तयार होते. तिच्याच दिशेने मारली तर ग्रॅनी नॉट. हातात दोन्ही सारख्याच लागतात, आवळतानाही फरक जाणवत नाही, पण वागणूक दोघींची फार वेगळी आहे. ग्रॅनी नॉट ताणाखाली सरकते, हादऱ्यांनी सैल होते, आणि कधी कधी उलट इतकी जाम होते की सोडवता सोडवत नाही. नेमके कधी काय करेल याचा भरवसा नाही, हाच तिचा मोठा दोष.

ओळखायची कशी? गाठ सपाट ठेवून बघा. प्रत्येक मोकळे टोक आपल्याच भाराकडच्या दोराला चिकटून, त्याला समांतर बाहेर येत असेल, आणि दोन दुमडी एकमेकींत अडकवल्यासारख्या दिसत असतील, तर ती रीफ नॉट. टोके आडवी, दोराला काटकोनात निघत असतील तर ग्रॅनी. बुटाच्या नाडीत हे आणखी सोपे आहे: फुलाचे दोन फासे पावलावर आडवे पडले तर बरोबर, बोटांकडून घोट्याकडे असे उभे फिरले तर ग्रॅनी.

सुधारणेसाठी नियम एवढाच लक्षात ठेवा की जे टोक पहिल्या वेळी वर होते तेच दुसऱ्या वेळीही वर राहिले पाहिजे. डावे टोक उजव्यावरून नेले; आता ते उजवीकडे आले; दुसऱ्या वेळी त्यालाच डावीकडच्या टोकावरून न्यायचे. वर्षानुवर्षांची सवय दुसऱ्या पायरीत मुरलेली असते, म्हणून ती बदलायला जाऊ नका. पहिली पायरी उलटी करा. हाताला ते लवकर जमते आणि निकाल तोच मिळतो.

एवढ्याशा फरकाने इतके काय होते, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही गांभीर्याने घेतला आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये विशाल पाटील, योर्न डुंकेल, मॅथियास कोले आणि सहकाऱ्यांनी ताण पडला की रंग बदलणारे तंतू वापरून गाठीच्या आत ताण कुठे साठतो ते पाहिले. हे काम २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आले. गाठीत दोर जिथे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे ताणाखाली तो स्वतःभोवती पिळला जाऊ पाहतो. शेजारशेजारच्या ठिकाणी हे पीळ परस्परविरुद्ध असले की ते एकमेकांना अडवतात. रीफ नॉटमध्ये असे होते. ग्रॅनीत सगळे पीळ एकाच दिशेचे, त्यामुळे दोर गाठीतल्या गाठीत लोळत बाहेर पडू शकतो.

आणि नुसत्या ओढण्यापेक्षा हादरे का घातक असतात, हे २०१७ मधल्या एका अभ्यासातून कळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ऑलिव्हर ओरायली, क्रिस्टीन ग्रेग आणि क्रिस्टोफर डेली-डायमंड यांनी धावताना बुटाची नाडी कशी सुटते हे अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले. पाय जमिनीवर आदळताना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो. त्याने गाठ क्षणभर ताणली जाते आणि सैलावते. त्याच वेळी पायाच्या झुलण्यामुळे मोकळी टोके बाहेर खेचली जातात. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि एकदा सरकायला लागली की काही पावलांत गाठ संपते. ग्रॅनीवर बेतलेली नाडी त्यात लवकर सुटली. वाऱ्याने फडफडणारे आच्छादन, गाडीवर बांधलेले सामान, झुलणारी दोरी यांत दुसरे काही घडत नसते. तेव्हा फडफडणारी लांब टोके मोकळी सोडू नका, ती भाराकडच्या दोराला बांधून टाका.

गाठीवर गाठ चढवून काय होते

काही होत नाही. खालची गाठ सैल असेल तर वरची कितीही घट्ट असली तरी ती सैल पायावर उभी असते. खालच्या गाठीतून दोर सरकला की मधली ढील वाढते आणि सगळा डोलारा एकदम हलतो. शिवाय घाईत चढवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या गाठी हमखास ग्रॅनी असतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा तो प्रकार आहे. पहिली गाठ सोडा आणि योग्य गाठ एकदाच मारा.

गाठ बरोबर, पण काम तिचे नाही

रीफ नॉट चांगली म्हणून तिने दोन दोर जोडू नका. हे मी ठासून सांगतो, कारण ही चूक धोक्याची आहे. रीफ नॉट वस्तूभोवती बांधायची गाठ आहे: गठ्ठा, पार्सल, पट्टी. तिथे खालची वस्तू तिला दाबून धरते. हवेत दोन दोरांच्या मध्ये ती एकटी असली आणि एका टोकाला मागे झटका बसला, की ती उलटते: एक दोर सरळ होतो, दुसरा त्याच्यावर नुसता अडकून राहतो आणि घसरून निघून जातो. स्वतः करून बघा, एक टोक त्याच्याच भाराकडच्या दोरापासून उलट दिशेला जोराने ओढा. एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा तिने दोर जोडायची इच्छा होणार नाही.

क्लोव्ह हिच खांबाला पटकन बांधायला उत्तम, पण खांब फिरत असेल किंवा दोराला सतत हिसके बसत असतील तर ती सरकत सरकत सुटते. बोलाइनचा फासा सुंदर आहे, कितीही भार आला तरी नंतर सोडवता येतो; मात्र भार नसताना हलत राहिली तर ती ढिली पडते. दोन्ही गाठी सोडवता याव्यात म्हणूनच जन्मल्या आहेत. कायमच्या बांधणीला त्या वापरून मग सुटतात म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे.

दोर निसरडा असेल तर

गाठ फक्त घर्षणावर टिकते. आणि घर्षण किती कामाला येते हे वेढ्यांवर फार झपाट्याने अवलंबून असते. गोल खांबाभोवती दोर गुंडाळला, तर एका टोकाला लावलेल्या थोड्या जोराने दुसऱ्या टोकाचा किती ताण धरून ठेवता येतो याचे एक प्रसिद्ध समीकरण आहे, जे ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखले जाते. घर्षणांक (दोन पृष्ठभागांत घर्षण किती याचा आकडा; निसरडेपणा जास्त तितका तो कमी) ०.३ असेल तर एका पूर्ण वेढ्याने सुमारे साडेसहापट ताण धरता येतो, दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट, तिनांनी जवळपास २८५ पट. घर्षणांक ०.१ असेल तर एका वेढ्याने दुप्पटही होत नाही. साडेसहापटीला पोहोचायला तीन वेढे लागतात. म्हणजे खरखरीत दोराला एक वेढा जे देतो त्यासाठी निसरड्या दोराला तीन हवेत. गाठीच्या आतली रचना खांबापेक्षा गुंतागुंतीची असते, पण हिशेबाची जात तीच.

सुती दोर, ताग, काथ्या यांचा पृष्ठभाग केसाळ असतो, त्यांत साधी गाठही बसते. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन हे पाण्यावर तरंगणारे, गुळगुळीत, बरेचदा ताठ दोर. यांत गाठ बांधून हात काढला की ती आपोआप थोडी उघडते. नायलॉन मऊ पण लवचिक. डायनीमासारख्या अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे दोर जाडीच्या मानाने प्रचंड मजबूत, पण इतके निसरडे की नेहमीच्या गाठी त्यांतून सरळ वाहून जातात.

यावर तीन उपाय. एक, वेढे वाढवा: दोन वेढ्यांच्या जागी तीन. म्हणूनच डायनीमाच्या बारीक दोरीची टोके जोडताना दुहेरीऐवजी तिहेरी फिशरमन गाठ (दुहेरीची कृती पुढे आहे) मारतात. दोन, पहिल्या अर्ध्या गाठीला एक पीळ जास्त द्या. शस्त्रक्रियेतले टाके असेच बांधतात आणि दुसरी अर्धी गाठ मारेपर्यंत पहिली जागची हलत नाही. तीन, टोक लांब सोडा. नेहमीच्या दोराला जाडीच्या दहा ते बारापट टोक पुरते, म्हणजे १० मिलिमीटरच्या दोराला १० ते १२ सेंटिमीटर. निसरड्या दोराला त्याहून सढळ हाताने.

बांधणे वेगळे, बसवणे वेगळे

आकार बरोबर, दोर बरोबर, तरी गाठ सरकते, असे झाले तर इथे बघा. गाठ विणून झाल्यावर दोन कामे उरतात आणि बहुतेक जण ती एकाच झटक्यात उरकतात. पहिले म्हणजे नीटनेटके करणे: गाठ अजून सैल असताना प्रत्येक दोर आपल्या जागी आहे का, जिथे समांतर असायला हवे तिथे विनाकारण एकमेकांवर चढलेले नाहीत ना, हे बोटांनी सारखे करायचे. चढलेला दोर पुढे कधीतरी भाराखाली आपल्या जागी घसरतो, आणि तो घसरला की तेवढी ढील गाठीत शिरते.

दुसरे म्हणजे आवळणे, आणि ते क्रमाने. दोन भाराकडचे दोर धरून एकदम खेचले की बाहेरचे वेढे आवळतात, आतले सैलच राहतात. वरून बघणाऱ्याला गाठ घट्ट दिसते. त्याऐवजी गाठीतून जेवढी टोके बाहेर येतात ती एकेक करून ओढा. आधी हलके, सगळी फिरून झाली की पुन्हा जोरात. शेवटी पूर्ण वजन टाकून एक-दोन हिसके द्या. गाठ लहान होते, कडक होते, बोटांनी दाबली तर दबत नाही, तेव्हा ती बसली असे समजा. बारीक दोरी हाताला कापत असेल तर टोक लाकडाच्या तुकड्याभोवती गुंडाळून ओढा. मासेमारीच्या एकतंतू नायलॉनची गाठ आवळण्याआधी ओली करावी लागते. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंतू तिथेच कमजोर होतो.

माझ्या मते कायम टिकणारी गाठ आणि सुटणारी गाठ यांत सर्वाधिक फरक या मिनिटभराच्या कामाने पडतो.

कायमची निरगाठ: कुठे कोणती

वस्तूभोवती घट्ट बांधायचे असेल (पिशवीचे तोंड, पाइपवर चढवलेली नळी, काठ्यांची जुडी, दोराचे उसवणारे टोक) तर कन्स्ट्रिक्टर नॉटला तोड नाही. ती क्लोव्ह हिचची सख्खी बहीण आहे, फक्त आत एक अर्धी गाठ जास्त. अशी बांधा:

१. मोकळे टोक वस्तूमागून फिरवून पुढे आणा आणि भाराकडच्या दोरावरून तिरपे ओलांडा.

२. त्याच दिशेने मागून दुसरा वेढा घ्या. आता पुढे एक तिरपा वेढा दिसेल, सगळ्यात वरचा.

३. टोक पुन्हा पुढे आले की आधी ते भाराकडच्या दोरावरून न्या, मग त्याच दोराखालून आणि त्या तिरप्या वेढ्याखालून बाहेर काढा. टोक दोन वेढ्यांच्या मधून निघाले पाहिजे.

४. दोन्ही टोके विरुद्ध दिशांना जोरात ओढा.

तिरपा वेढा खालच्या अर्ध्या गाठीवर बसतो आणि तिला दाबून धरतो. हात सोडला तरी ती ढील देत नाही, हीच तिची खुबी. तिसऱ्या पायरीत ‘आधी वरून’ विसरलात तर क्लोव्ह हिच होते, आणि मग कन्स्ट्रिक्टरही सुटते अशी तक्रार येते. बांधून झाल्यावर तिरप्या वेढ्याखाली दोन दोर एकमेकांभोवती वळलेले दिसतात का, ते बघा. नुसते समांतर असतील तर ती कन्स्ट्रिक्टर नाही. दोर निसरडा असेल तर तिरपा वेढा दुहेरी घ्या. या गाठीची एक मर्यादा आहे: तिला गोलाई लागते. चौकोनी खोक्याच्या सपाट बाजूवर तिरपा वेढा दाबायला खाली फुगवटाच नसतो, त्यामुळे तिथे ती साधारण गाठीइतकीच धरते. शक्य असेल तर ती कोपऱ्यावर आणा.

दोन दोर कायमचे जोडायचे, किंवा एका दोराची दोन टोके जोडून कडे करायचे, तर दुहेरी फिशरमन. दोन्ही दोर शेजारी शेजारी ठेवा, टोके विरुद्ध दिशांना. एका टोकाने दुसऱ्या दोराला आणि स्वतःलाही कवेत घेत, मध्याकडे परत येत दोन वेढे घ्या, आणि टोक त्या दोन्ही वेढ्यांच्या आतून बाहेरच्या दिशेला काढा. दुसऱ्या टोकाने तेच, समोरून. मग भाराकडचे दोर ओढले की दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. बरोबर बांधली असेल तर एका बाजूने चार दोर शेजारी शेजारी समांतर दिसतात आणि उलट बाजूने दोन फुल्या. त्या नीट बसत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर एका गाठीचे वेढे उलट दिशेचे झाले आहेत; ती एकच सोडून पुन्हा घाला. मोठ्या भारानंतर ही गाठ सोडवणे जवळपास अशक्य होते, आणि इथे आपल्याला तेच हवे आहे. पुढे कधी सोडवायची शक्यता असेल तर झेपेलिन बेंड शिका. ती हादऱ्यांना दाद देत नाही आणि तरी हवी तेव्हा सोडवता येते.

दोराच्या टोकाला पक्का फासा हवा तर आठच्या आकड्याची गाठ, टोक पुन्हा त्याच वाटेने मागे फिरवून. तिच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण ती चुकली तर लगेच दिसते, आणि हाच तिचा मोठा गुण.

मात्र पिळाचा, तीन पेडांचा दोर असेल आणि बांधणी खरोखर कायमची असेल, तर गाठीचा आग्रह सोडून पेड विणायला शिका. टोकाचे पेड उसवून ते दोराच्याच अंगात एकाआड एक खोवायचे. नैसर्गिक धाग्यांच्या दोराला प्रत्येक पेडाच्या किमान तीन फेऱ्या, कृत्रिम धाग्यांच्या गुळगुळीत दोराला पाच. नीट विणलेल्या फाशात दोराची ९० टक्क्यांच्या आसपास ताकद टिकते, जी कुठल्याही गाठीत टिकत नाही. डायनीमाला तर हाच खरा उपाय, फक्त तिथे पोकळ विणीच्या आत टोक लांबवर घुसवतात.

टोकांचे काय

उसवलेले टोक गाठीपर्यंत उसवत जाते आणि गाठीच्या आत दोर बारीक होतो. कृत्रिम दोराचे टोक वितळवून बंद करा. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, म्हणून बोटाने चेपू नका. सुती किंवा तागाच्या टोकाला बारीक दोऱ्याची गुंडाळी द्या, निदान दोराच्या जाडीइतकी रुंद. गोंद लावायचाच असेल तर गाठ पूर्ण बसल्यावर. सैल गाठीवरचा गोंद भेगाळतो आणि मधल्या काळात दोष झाकून ठेवतो. गोंदापेक्षा मला मोकळे टोक भाराकडच्या दोराला बारीक दोऱ्याने बांधून टाकणे अधिक विश्वासाचे वाटते: ते दिसते, तपासता येते आणि उन्हापावसात ठिसूळ होत नाही.

गाठ शाबूत, बांधणी सैल

पेनाची रेघ जागेवर राहिली होती, तो हा प्रकार. नायलॉन भाराखाली बराच ताणतो. पहिल्या दिवशी भार टाकून, दोर ताणला गेल्यावर पुन्हा बांधा, किंवा कमी ताणणारा पॉलिएस्टर घ्या. नैसर्गिक दोर ओला झाला की फुगतो आणि लांबीत आखडतो, वाळला की पुन्हा पूर्ववत होतो. त्यामुळे भिजलेल्या अवस्थेत बांधलेली जुडी वाळल्यावर ढिली पडते. कोरडा दोर बांधला तर भिजल्यावर गाठ करकचून आवळते, आणि दोन-चार ओल्या-कोरड्या फेऱ्यांनंतर बांधणी सैल वाटू लागते. ओल्या लाकडाची जुडी लाकूड वाळल्यावर सुटणारच. इथे कुठलीही गाठ काही करू शकत नाही, आतल्या वस्तूंत पाचर मारा किंवा पुन्हा बांधा.

सराव कसा करावा, तपासावे कसे

शिकताना ८ ते १० मिलिमीटरचा मऊ दोर घ्या, शक्यतो दोन रंगांचे दोन तुकडे, म्हणजे कोणते टोक कुठून गेले ते दिसते. बारीक सुतळीवर शिकू नका, चूक डोळ्यांना दिसतच नाही. एका वेळी एकच गाठ. ती समोरून जमली की मागून बांधा, उभ्या खांबावर, आडव्या काठीवर, उलट हाताने. अंधारात बांधता आली की मग पुढची.

प्रत्येक नवी गाठ खऱ्या कामाला लावण्यापूर्वी तिचे हाल करा. ताण द्या, सोडा, पुन्हा द्या. असे वीसेक वेळा. मग भार काढून दोर जोरजोरात हलवा. मग एकेक टोक मागे हिसडा. नुसत्या सलग ओढण्याने बहुतेक वाईट गाठीही टिकतात, म्हणून ती परीक्षाच नव्हे.

ज्या दोरावर माणसाचा जीव अवलंबून आहे (चढाई, उंचीवरचे काम, झोका, बचाव) तिथे वाचून शिकलेली गाठ वापरू नका. जाणकार माणसाकडून समोरासमोर शिका आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याकडून गाठ तपासून घ्या.

निरगाठ काढायची वेळ आलीच, तर गाठीवर चारी बाजूंनी हलके ठोका, भाराकडचा दोर गाठीच्या आत ढकलून पाहा आणि टोकदार लाकडी खुंटीने एकेक वेढा उचला. धातूचे टोक पेड कापू शकते. कन्स्ट्रिक्टर अशी सहसा दाद देत नाही, ती कापावीच लागते. तेव्हा पाते वरच्या तिरप्या वेढ्यावरच चालवा. त्याच्याखाली दोन दोरांचा थर असल्याने आतल्या वस्तूला ओरखडाही येत नाही, आणि तिरपा वेढा तुटला की गाठ आपोआप उघडते.